एकच घार तीनदा

प्रिंट बारा फूट लांब आणि वीस इंच उंच. मामाच्या हॉलमध्ये ती सरळ मावेना, म्हणून दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये लिफ्टपासून जिन्यापर्यंत उलगडली. शेजारच्या काकूंनी न सांगता चपलांचा स्टँड आत घेतला. मामाने निगेटिव्ह तपासायचं जुनं भिंग खिशातून काढलं, गुडघे टेकले आणि डाव्या टोकापासून, शिवडीपासून, वीतवीत पुढे सरकू लागला. मी गप्प उभी होते. तीस वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढलेल्या माणसापुढे आपलं काम ठेवलं की वाटच बघायची असते.

भायखळ्यावरचं आकाश संपता संपता तो थांबला.

"ही घार इथेही आहे."

"मामा, मुंबईत घारींना काय तोटा?"

"घारी पुष्कळ असतात. डाव्या पंखातलं एक पीस गळलेली एकच असते. ही बघ, शिवडीवर. ही भायखळ्यावर. आणि ही रेसकोर्सच्या वर. एकच घार तीनदा."

मी भिंग घेऊन पाहिलं. खरंच होतं. एकशे अकरा फोटो जोडताना, टोकं तपासताना, माझ्या नजरेतून ती निसटली होती. मला शरम वाटली.

"दोन काढून टाकते. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको," मामा म्हणाला. "या बारा फुटांत तेवढीच एक खरी गोष्ट उरली आहे."

तिथून आमचा वाद सुरू झाला आणि तीन रविवार चालला. त्यातलं जे महत्त्वाचं वाटलं ते लिहिते आहे. माझी बाजू मला जवळची आहे, हे वाचणाऱ्यांनी धरूनच चालावं.

आधी फोटो कसा झाला ते सांगते. मामाची चाळ पाडून त्या जागी टॉवर आला आणि त्यात त्याला घर मिळालं. लालबागच्या त्या गच्चीवरून दक्षिणेकडे तोंड केलं की डाव्या हाताला शिवडी, तिच्यापलीकडे अटल सेतूची रेघ, समोर भायखळा आणि त्याच्या मागे धूसर फोर्ट, उजवीकडे लोअर परळचे टॉवर आणि शेवटी वरळी. बरोबर अर्धं वर्तुळ. ऑक्टोबरातली संध्याकाळ निवडली, कारण पावसाने धुतलेली हवा त्या दिवसांत थोडी टिकून असते. थंडीत धुरकं बसलं की दोन किलोमीटरपलीकडचं सगळं राखेसारखं दिसतं. २०० मिलिमीटरची लेन्स लावली, कॅमेरा उभा धरला. या लेन्समधून उभ्या चौकटीत एका वेळी शहराचे जेमतेम सात अंश दिसतात. शेजारच्या दोन फोटोंत तीस टक्के भाग सामाईक ठेवायचा, म्हणजे पुढे जोडताना पकड मिळते. त्या हिशेबाने सदतीस उभ्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीत वर, मधे, खाली असे तीन फोटो. फोकस हाताने एकदा बसवला आणि पुन्हा हात लावला नाही. पोलरायझर काढून ठेवला. एवढ्या रुंद आकाशात तो एका बाजूला गडद निळा डाग पाडतो. सूर्य चौकटीत येऊ नये म्हणून पूर्वेकडून सुरुवात केली. सहा वाजून पाच मिनिटांनी पहिला फोटो, सहा एकतीसला शेवटचा. वरळीपर्यंत पोहोचले तेव्हा सूर्य बुडाला होता.

"म्हणजे सव्वीस मिनिटं," मामा म्हणाला.

"सव्वीस."

"आणि हे चित्र मला सांगतंय की हा एक क्षण आहे. शिवडीला एकही दिवा नाही आणि वरळीत सगळीकडे दिवे लागलेत. मधल्या उजेडावर तू इस्त्री फिरवली आहेस."

फिरवली होती. उजेड उतरत होता तसं मी तीनदा एक्स्पोजर बदललं आणि घरी येऊन सगळं एका पातळीत आणलं.

"मामा, डार्करूममध्ये तू काय करायचास? आकाश जास्त भाजायचास, चेहऱ्यावरचा प्रकाश हाताने अडवायचास."

"करायचो. पण ज्या निगेटिव्हवर करायचो तिच्यावरचा सगळा प्रकाश एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात एकदमच आलेला असायचा. मी त्याचा आवाज कमी-जास्त केला. तू सव्वीस मिनिटांच्या गप्पा एका वाक्यात बसवल्यास आणि म्हणतेस, हे तो बोलला."

इथे माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी अजूनही सोडलेलं नाही. शहर हे एका नजरेत मावणारं प्रकरणच नाही. गच्चीवर उभं राहून आपण शिवडी आणि वरळी एकदम कधीच बघत नाही. मान वळते, डोळा थांबतो, पुन्हा मागे येतो. डोक्यात तयार होणारं शहर जोडूनच तयार होतं. मग जोडलेला फोटो खोटा आणि एक चौकट खरी, हे कसं?

"कारण एक चौकट तिची मर्यादा दाखवते," मामा म्हणाला. "कडा दिसते. कडेपलीकडे काहीतरी राहिलंय हे बघणाऱ्याला कळतं."

त्याला मी सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सांगितली. १८७८ साली एडवर्ड मायब्रिजने नॉब हिलवरच्या मार्क हॉपकिन्सच्या हवेलीवरून, बांधकाम चालू असतानाच, शहराचा पूर्ण फेरा तेरा मोठ्या काचांवर टिपला. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा, लगेच धुवायची, मग दुसरी. तेरा काचांना काही तास लागले. शेजारी शेजारी लावल्यावर चित्र सतरा फुटांच्या पुढे जातं. १९०६च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला, आग लागली, त्यात ती हवेलीही गेली आणि त्या तेरा काचांतल्या शहराचा मोठा भाग उरला नाही. आज त्या शहरात कोणती भिंत कुठे होती हे बघायचं तर त्या तेरा काचा बघाव्या लागतात.

मामा हसला. ही गोष्ट त्याला माहीत होती, आणि त्यापुढचीही. "त्याच १९०६ मध्ये जॉर्ज लॉरेन्सने सतरा पतंग एकाखाली एक बांधून कॅमेरा आकाशात चढवला, खाडीवरून. जळालेलं सगळं शहर, एका निगेटिव्हवर. चार फूट रुंद निगेटिव्ह. तुझ्या मायब्रिजच्या काचांत सावल्या सरकतात. लॉरेन्सचा फोटो बघितला की पोटात गोळा येतो."

"गोळा येतो, खरं आहे. पण घर शोधायला कोणता फोटो काढशील?"

तो काही बोलला नाही. चहा आला.

दुसऱ्या रविवारी त्याने वेगळी बाजू धरली. भिंग नव्हतं, पट्टी होती. समोरच्या बंद गिरणीच्या शेडचं लांब छप्पर त्याने दाखवलं. "हे सरळ आहे. मी रोज बघतो. तुझ्याकडे ते धनुष्यासारखं वाकलंय."

आता हा दोष माझा नाही, भूमितीचा आहे. नजरेभोवतीचं जग गोल, कागद सपाट. १५६९ साली मर्केटरने पृथ्वी कागदावर आणली तेव्हा दिशा सांभाळल्या आणि ध्रुवाजवळचे देश फुगू दिले. काहीतरी द्यावंच लागतं. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर एकशेवीस अंशांच्या पुढे कडेच्या इमारती इतक्या ताणल्या जातात की बघवत नाहीत. म्हणून मी चित्र दंडगोलावर घेतलं, म्हणजे बघणाऱ्याभोवती कागद गुंडाळला आहे असं धरलं. उभ्या रेषा उभ्या राहतात, क्षितिज सरळ राहतं, बाकीच्या आडव्या रेषा वाकतात.

हे सगळं तोंडाने सांगण्यात अर्थ नव्हता. मी हॉलमधल्या आणि शेजारून आणलेल्या खुर्च्या अर्धवर्तुळात लावल्या, पाठींना प्रिंट चिमट्यांनी अडकवली आणि मधोमध मोडा ठेवला. बारा फुटांचं अर्धवर्तुळ म्हणजे मध्यापासून कागद पावणेचार-चार फुटांवर. "बस," म्हटलं. "क्षितिज डोळ्यांच्या रेषेत येऊ दे."

मामा बसला. डावीकडे बघितलं, मग हळूहळू उजवीकडे. छप्पर सरळ झालं होतं. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मामी स्वयंपाकघरातून येऊन त्याच्या खांद्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, गच्चीवरच आलो."

रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये तेवढ्यासाठी गोल इमारत उभी केली. लोक पैसे देऊन आत जायचे आणि रंगवलेल्या शहराच्या मध्यभागी उभे राहायचे. पॅनोरमा हा शब्दच तिथून आला. चित्र भिंतीवर सपाट टांगायचं नव्हतंच. त्याच्या आत जायचं होतं. आपण ते चपटं केलं, फोनच्या बोटभर रुंद पडद्यावर आणलं आणि मग त्याला वाकडं म्हणतो.

"हे मान्य," मामा म्हणाला. माझ्या आठवणीत वादात त्याने हे पहिल्यांदाच म्हटलं.

मग त्याने विचारलं की कॉम्प्युटरला कळतं कसं, कुठला तुकडा कुठे जोडायचा ते. मला या प्रश्नाचा आनंद झाला, कारण यात मुंबईची एक गंमत आहे. प्रोग्रॅम प्रत्येक फोटोत ठसठशीत ठिपके शोधतो: खिडकीचा कोपरा, अँटेनाचं टोक, भिंतीवरचा ओघळ. प्रत्येक ठिपक्याभोवतीच्या छटांचं असं वर्णन करून ठेवतो की फोटो थोडा फिरला, लहान-मोठा झाला तरी तो ओळखू यावा. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड लोव यांनी ही पद्धत बसवली आणि २००३ मध्ये त्यांनी व मॅथ्यू ब्राऊन यांनी तिच्यावरून फोटोंचा विस्कटलेला ढीग आपोआप जोडून दाखवला. त्याआधी बऱ्याचदा माणसं एकेक जोडी हाताने लावत बसायची. जुळलेल्या जोड्यांतल्या चुकीच्या जोड्या गाळायच्या, उरलेल्यांवरून कॅमेरा किती अंशांनी वळला ते काढायचं आणि शेवटी शिवण बुजवायची. शिवणीलाही युक्ती आहे: आकाशाच्या छटेसारखा मोठा फरक रुंद पट्ट्यात विरघळवायचा आणि बारीक तपशील अरुंद पट्ट्यात, नाहीतर विटा दुहेरी दिसतात.

आता मुंबईची गंमत. टॉवर जोडताना प्रोग्रॅम चुकतो. चाळीस मजले, प्रत्येक मजल्याला तीच काच, तीच बाल्कनी. सतराव्याला अठरावा समजून तो तुकडा एक मजला खाली बसवतो. लोअर परळची एक इमारत मला अडीच तास हाताने जुळवावी लागली. आणि खाली उरलेल्या चाळी? पहिल्या फटक्यात जुळल्या. एका कठड्यावर लाल गोधडी, दुसऱ्यावर तुळस, तिसऱ्यावर उलटी बादली, मधे कुणीतरी निळ्या रंगाने रंगवलेला एकच खांब. दोन गॅलऱ्या सारख्या नाहीत.

"हे लिही," मामा म्हणाला. "बाकीचं राहू दे, हे लिही."

यानंतर त्याने आतून एक फोटो आणला. मला तो पाठ आहे. १९९४ सालचा, जुन्या चाळीच्या गच्चीवरून काढलेला: संपानंतर थंड पडलेल्या गिरणीची चिमणी आणि तिच्या अगदी टोकाशी, जणू धूर म्हणून, एक काटलेला पतंग. कृष्णधवल. त्यासाठी तो दोन तास उन्हात उभा होता. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात आमचे आजोबाही होते. मागाहून अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. त्या एका पतंगात ते सगळं आहे. माझ्या एकशे अकरा फोटोंत असं काही नाही, हे मी त्याला तिथेच सांगितलं.

मग विचारलं, "चिमणीच्या उजवीकडे काय होतं?"

"उजवीकडे पाण्याची टाकी. तिच्या सावलीत तुझी आजी पापड वाळवायची. त्यापुढे व्यायामशाळेचं पत्र्याचं छप्पर. मग ते चिंचेचं झाड."

"कुठे आहे ते?"

"फोटोत नाही."

"दुसऱ्या कुठल्या फोटोत?"

मामाने पट्टी खाली ठेवली. "कुठेच नाही गं. त्या दिवशी मला ते महत्त्वाचं वाटलं नाही."

मला वाटतं, सगळा वाद या एका उत्तरात आहे. एक चौकट काढणारा ठरवतो की काय महत्त्वाचं, आणि ज्याची नजर मामासारखी असते तो बरोबरच ठरवतो. पण तीस वर्षांनी काय शोधावंसं वाटेल हे कुणाला माहीत असतं? जोडलेल्या मोठ्या चित्रात पाण्याची टाकी, पत्रा, झाड असं सगळं आपोआप येतं, कुणी निवडलं नाही म्हणूनच येतं. मुंबईच्या आकाशरेषेचं चित्र म्हणून जे कॅलेंडरवर छापतात ते समुद्राच्या बाजूने घेतलेलं असतं, टॉवरच्या टोकांचं. खालचा वीतभर भाग कापलेला. मी तिसरी, खालची ओळ घेतली ती त्या वीतभर भागासाठी. मधल्या ओळीवर सुंदर चित्र झालं असतं.

तिसऱ्या रविवारी मात्र मामाने मला निरुत्तर केलं. मी लॅपटॉपवर मूळ फाईल उघडली होती, दीड गिगापिक्सेलची. कागदावर दिसत नाही तेही त्यात दिसतं. त्याला कौतुकाने आत आत नेत होते. एका खिडकीत एक बाई केस पुसत उभी होती.

"बंद कर," तो म्हणाला.

"मामा, ती अर्धा किलोमीटर लांब आहे. चेहराही—"

"चेहरा ओळखू येतोय. बंद कर आधी."

मी बंद केलं.

"मी रस्त्यावर फोटो काढायचो तेव्हा मीही दिसायचो. माणूस मान फिरवू शकायचा, शिवी देऊ शकायचा, हात आडवा धरू शकायचा. हिला माहीतच नाही. तू सगळं आपोआप येतं म्हणतेस ना, त्यात हीसुद्धा आपोआप आली."

लंडनमध्ये २०१२ साली बीटी टॉवरवरून ४८,६४० फोटो घेऊन ३२० गिगापिक्सेलचं चित्र केलं गेलं आणि पुढच्या वर्षी ते सगळ्यांसाठी खुलं झालं. मी ते बघून भारावले होते आणि माझ्या डोक्यात तसलंच काहीतरी होतं. त्या रविवारी ते गेलं. बाहेर दाखवायची फाईल मी आता इतकी लहान केली आहे की खिडकी दिसते, खिडकीतलं माणूस दिसत नाही. यात मामा पूर्ण बरोबर होता आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे स्वतःहून करायला हवं. कुणी सांगायची वाट बघू नये.

उजेडाचं काय? त्यावर आम्ही जुळलो नाही. मामाचं म्हणणं, टाके दिसू दे. गोधडी कर, रफू नको. चित्रकार डेव्हिड हॉकनीने केलं तसं: शेकडो सुटे फोटो एकमेकांवर तिरपे चिकटवलेले, प्रत्येकाची कड उघडी, आणि चित्राच्या नावातच तारखा: 'पेअरब्लॉसम हायवे, ११–१८ एप्रिल १९८६'. आठ दिवस लागले तर आठ दिवस म्हणून लिहिलेत. मला हॉकनी आवडतो, पण माझं काम वेगळं आहे. घर शोधणाऱ्याला शंभर कडा आड याव्यात असं मला वाटत नाही. शिवण मी बुजवणारच. मात्र नावात तारीख आणि वेळ लिहायची ही गोष्ट मी उचलली, आणि उजेडावरची इस्त्री काढली. शिवडीला आता दिवस आहे, भायखळ्यात कातरवेळ, वरळीत रात्र उतरते आहे. चित्र थोडं विचित्र दिसतं. मामी म्हणते, आधीचंच छान होतं.

घारी तिन्ही ठेवल्या. नव्या प्रिंटखाली छापलं आहे: लालबाग, गच्चीवरून दक्षिणेकडे, संध्याकाळी ६.०५ ते ६.३१, १११ फोटो, एक्स्पोजर तीनदा बदललेलं, पुसलेलं काही नाही, घार एकच.

वाचणाऱ्यांपैकी अनेकजण आता उंच इमारतीत राहतात आणि हातातल्या फोनने गच्चीवरून कधीतरी शहर टिपतात. त्यांना एक विनंती आहे. जोडलेलं चित्र तयार झालं की सुटे फोटो पुसून टाकू नका. ते तारखेसकट एका ठिकाणी ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच कठड्याच्या त्याच कोपऱ्यातून पुन्हा घ्या. खालचा भाग कापू नका. मामा आणि मी येत्या ऑक्टोबरात पुन्हा वर जाणार आहोत. समोरच्या शेडच्या छपराचे पत्रे उतरवायला या आठवड्यात सुरुवात झाली आहे.